नवं तंत्रज्ञान गावासमोर मांडताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ड्रोनची फवारणी, एआयच्या (कृत्रिम बुद्धिमत्तेच्या) सल्ल्यावरचा ऊस, नॅनो खतं, जनुक-संपादित भात. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात अशा विषयांवर माहिती सभा होतात, पण लोकांच्या हाती फारसं काही लागत नाही. वक्ता तासभर बोलतो, पडद्यावर चित्रं सरकतात, हार-तुरे होतात आणि खरे प्रश्न चहाच्या वेळी बाहेर येतात. "हे आमच्या रानात चालतंय काय?" "पीक गेलं तर कोण बघणार?" तोवर वक्ता गाडीत बसलेला असतो.

हा लेख विज्ञान शिक्षक, वाचनालयं, तरुण मंडळं, महिला संघ आणि सोसायट्या यांच्यासाठी आहे. उदाहरणं शेतीची घेतली आहेत, कारण या भागात नव्या तंत्रज्ञानाचे प्रश्न आधी शेतातून येतात. विषय आरोग्याचा असो की विजेच्या मीटरचा, क्रम हाच ठेवावा. एका सभेच्या तयारीला तीन आठवडे धरा. त्यातला निम्मा वेळ दुसऱ्या टप्प्याला जातो आणि जायलाच हवा.

टप्पा १: विषय बाजूला ठेवा, निर्णय ठरवा (२१ दिवस आधी)

"कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शेती" या नावाची सभा घेऊ नका. एवढ्या मोठ्या नावाखाली वक्ता काहीही बोलू शकतो आणि ऐकणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी माणसाला खरोखर घ्यायचा असलेला एक निर्णय वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: "येत्या सुरू हंगामाच्या लागणीतल्या उसात ओलाव्याचा सेन्सर बसवायचा की पाणी देण्याची आत्ताची पद्धतच चालू ठेवायची, आणि बसवायचा तर एकट्याने की चौघांत मिळून?" या वाक्यात कोण, काय, कधी आणि कशाऐवजी, ही चारही उत्तरं आहेत. चारातलं एक जरी नसलं तरी वाक्य परत लिहा.

वाक्य घरी बसून सुचत नाही. आठ-दहा जणांना वेगवेगळं भेटा. त्यात पाण्याखालची जमीन असलेला एक, एक-दीड एकर कोरडवाहू करणारा एक, शेतात प्रत्यक्ष राबणाऱ्या दोन-तीन बायका, खत-औषधाचा दुकानदार आणि दूध संस्थेचा सेक्रेटरी हवेत. पाठीवर पंप घेऊन रोजाने फवारायला जाणारा माणूस तर हवाच. ड्रोनवर बोलताना त्याला बहुतेक सगळे विसरतात, आणि पोटावर पाय येणार तो त्याच्याच.

प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारा:

- याबद्दल काय ऐकलंय आणि कुणाकडून?
- पैसे घालण्याआधी काय समजायला हवं?
- भीती कशाची वाटते?

उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. आपल्या भाषेत सारांश काढू नका. "औषध वाऱ्यानं शेजारच्या रानात गेलं तर भांडण लागंल" हे वाक्य "फवारा वाहण्याबाबत चिंता" असं लिहिलं की त्यातलं भांडण निघून जातं, आणि सभेत नेमकं त्याच भांडणावर बोलायचं असतं.

*तपासा:* निर्णयाचं वाक्य फोनवर भावाला एका दमात सांगता येतं का? नसेल तर त्यात अजून दोन निर्णय मिसळलेले आहेत.

टप्पा २: माहिती चाळून घ्या (२० ते १० दिवस आधी)

कागदावर तीन रकाने पाडा: पक्कं, चाचणीत, नुसता दावा. हाती आलेली प्रत्येक माहिती यांतल्या एकाच रकान्यात टाका. टाकताना विचारा: हे कुणी मोजलं, कुठल्या जमिनीत मोजलं, किती हंगाम मोजलं आणि कशाच्या तुलनेत मोजलं? यांपैकी दोन प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील तर ती माहिती तिसऱ्या रकान्यात जाते, मग ती सांगणारा कितीही मोठा असो.

चुका बहुतेक इथेच होतात, म्हणून तीन उदाहरणं पूर्ण सोडवून दाखवतो.

*जनुक-संपादित भात.* मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या दोन जाती केंद्र सरकारने जाहीर केल्या: डीआरआर धान १०० (कमला) आणि पुसा डीएसटी राईस १. पहिली सांबा मसुरीपासून केलेली, दुसरी एमटीयू १०१० पासून. खानापूर भागात भात हेच मुख्य पीक, त्यामुळे प्रश्न येणारच.

पक्क्या रकान्यात येतं ते असं. भाताच्या स्वतःच्याच एका जनुकात छोटा बदल केला आहे, आणि तयार जातीत बाहेरच्या जीवाचं जनुक नाही. अशा प्रकारच्या झाडांना केंद्राने २०२२ मध्ये जीएम म्हणजे जनुकीय फेरफार केलेल्या पिकांच्या नियमांतल्या काही अटींतून सूट दिली. २००२ मध्ये परवानगी मिळालेलं बीटी कापूस वेगळं, कारण त्यात जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं आहे.

दुसऱ्या रकान्यात जाहीर झालेला फायदा येतो. कमला मूळ जातीपेक्षा सुमारे २० दिवस लवकर तयार होते आणि उत्पादन जास्त देते, असं सांगितलं आहे. हे आकडे सांगतानाच, चाचण्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतले गेले आहेत हेही सांगा. ते लपवलंत आणि श्रोत्याला मोबाईलवर सापडलं, तर तुमचं बाकीचं खरंही खोटं ठरतं.

तिसऱ्या रकान्यात "इंद्रायणीपेक्षा भारी" यासारखी वाक्यं टाका. कमलाची तुलना सांबा मसुरीशी झालेली आहे. बेळगावच्या बासमतीशी किंवा इंद्रायणीशी झालेली नाही.

*नॅनो युरिया.* "एक बाटली म्हणजे एक पोतं" हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं की सभा तिथेच अडते. मागच्या रांगेतला कुणीतरी गणित मांडतोच, म्हणून ते तुम्ही आधी मांडा. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे साधारण २०.७ किलो. सुरुवातीच्या नॅनो युरियाची बाटली ५०० मिलीची, त्यात नायट्रोजन ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. नंतरच्या २० टक्क्यांच्या प्रकारात हिशेब १०० ग्रॅमवर जातो. फरक उघड आहे. उत्पादकाचं म्हणणं असं की पानावर फवारलेले बारीक कण झाड जास्त प्रमाणात घेतं, तर जमिनीत टाकलेल्या युरियाचा मोठा भाग वाहून, उडून जातो. युरिया वाया जातो ही गोष्ट पक्की आहे. पण एवढ्याशा नायट्रोजनाने पोत्याची जागा भरून निघते का, हा प्रश्न शास्त्रज्ञांतही वादाचा आहे, आणि पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत उत्पादन घटल्याचं दिसलं आहे. श्रोत्याला गणित, दावा आणि वाद या क्रमाने सांगा. निर्णयही लहान करून द्या: सगळ्या रानात न करता चार गुंठ्यांत करून बघायचं, शेजारी चार गुंठे नेहमीसारखे ठेवायचे आणि दोन्हींची मळणी वेगळी मोजायची.

*ड्रोन फवारणी.* माणूस पाठीवरच्या पंपाने एकराला १५० ते २०० लिटर पाणी वापरतो. दहा लिटर टाकीचा ड्रोन साधारण एका टाकीतच एकर उरकतो. याचा अर्थ औषध १५ ते २० पट दाट असतं. ही एकच गोष्ट नीट कळली तर निम्म्या चुका टळतात, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही.

गावात औषधाचं माप "पंपाला ३० मिली" असं तोंडी चालतं. १५ लिटरचा पंप एकराला बारा वेळा भरला तर एकराला ३६० मिली औषध जातं. तेच "३० मिली" ड्रोनच्या टाकीत टाकलं तर एकराला बाराव्या हिश्श्याचाच डोस पडतो. कीड मरत नाही आणि दोष ड्रोनवर येतो. उलट एकराचा पूर्ण डोस दहा लिटरात गेला की थेंब दाट असतात, आणि वाऱ्याने शेजारच्या पानमळ्यात किंवा मधमाश्यांच्या पेट्यांवर गेले तर नुकसानही तसंच दाट होतं. म्हणून सभेत सगळी मापं एकराची सांगा, पंपाची नकोत. पुस्तकात हेक्टरी दिलं असेल तर २.४७ ने भागा. ते औषध ड्रोनने मारायला मान्यता आहे का, हे लेबलवर किंवा कृषी खात्याकडून पाहूनच त्याचं नाव घ्या.

*सावध, सीमेची चाळणी वेगळी लावा.* आपल्याकडे मोबाईलवर येणारे मराठी व्हिडिओ बहुतेक कोल्हापूर, सांगली, बारामतीकडचे असतात. त्यांतलं विज्ञान इथे लागू पडतं, योजना लागू पडत नाही. महाराष्ट्राच्या पोर्टलवरचं अनुदान बेळगाव जिल्ह्यातल्या उताऱ्यावर मिळत नाही. इथे कर्नाटकाच्या 'फ्रूट्स' या शेतकरी नोंदणीचा क्रमांक लागतो आणि चौकशी होबळीच्या (तालुक्यातल्या आपल्या भागाच्या) रयत संपर्क केंद्रात करायची असते. बारामतीच्या एआय ऊस प्रयोगाची चित्रफीत दाखवून अनुदानाचा विषय अर्धवट सोडला, तर दुसऱ्या दिवशी लोक भलत्याच कागदपत्रांसाठी धावपळ करतात. प्रत्येक माहितीसमोर लिहा: विज्ञान कुठलं, योजना कुठली.

पडताळणीसाठी दूर जायला नको. धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ, मत्तीकोप आणि तुक्कानट्टी इथली कृषी विज्ञान केंद्रं आणि उसासाठी बेळगावातलीच एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे. भेटीला जाताना तीन रकान्यांचा कागद घेऊन जा आणि एवढंच विचारा: "यांतलं काय चुकीच्या रकान्यात पडलंय?" या प्रश्नाला तज्ज्ञ नेमकं उत्तर देतात. "काहीतरी माहिती द्या" म्हटलं की भाषण मिळतं.

*तपासा:* पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसमोर ती कुठून घेतली ते लिहिलंय का? कंपनीचं पत्रक हाच एकमेव आधार असेल तर ओळ तिसऱ्या रकान्यात न्या.

टप्पा ३: भाषा आणि कागद (९ ते ६ दिवस आधी)

एका माणसाला एकच कागद द्या, ए-फोर आकाराचा, एका बाजूला मराठी आणि मागे कन्नड. गावात दोन्ही वाचणारे असतात. शिवाय कार्यालयात, बँकेत, रयत संपर्क केंद्रात तोच कागद पुढे करायचा असतो, तिथे मागची बाजू कामाला येते. योजनेचं, फॉर्मचं आणि कार्यालयाचं नाव कन्नडमध्ये जसं छापलेलं असतं तसंच द्या, खाली मराठीत समजावा. कन्नड बाजू संगणकाकडून करून घेतली असेल तर कन्नड शाळेतल्या शिक्षकाकडून ती वाचून घेतल्याशिवाय छापू नका. औषधाच्या मापात एक शून्य इकडचं तिकडे झालं तर ते निस्तरता येत नाही.

अक्षर १६ पॉइंटपेक्षा लहान नको, कारण वाचणारे बहुतेक पन्नाशीपुढचे आणि दिवा मंद. लोकांच्या तोंडी असलेले सेन्सर, ड्रोन, ॲप, सॅटेलाईट हे शब्द तसेच वापरा. संस्कृतातून घडवलेल्या नव्या शब्दांनी सभा जड होते.

उपमा देत असाल तर ती कुठे तुटते तेही सांगा. जनुक-संपादनाला "पोथीतलं एक अक्षर खोडणं" म्हणता येतं. पण लगेच प्रश्न येईल: "खोडताना दुसरं अक्षर चुकून गेलं तर?" असं होऊ शकतं, त्यासाठी तपासण्या करतात आणि नको असलेले बदल असलेली झाडं बाजूला काढतात. एवढं उत्तर तयार नसेल तर ती उपमा वापरूच नका.

टप्पा ४: जागा, वेळ आणि शेजारी कोण बसणार

जागा समाजमंदिर, शाळा किंवा देवळाचा मंडप. कुठल्याही पक्षाच्या माणसाच्या पडवीत नको, निवडणूक जवळ आली असेल तर मुळीच नको. भाषेच्या प्रश्नावरून गावात दोन बाजू असतील तर सभेचा फलक दोन्ही भाषांत लावा आणि बोलायला दोघांना बसवा. सभा तंत्रज्ञानाचीच राहिली पाहिजे.

वेळ ठरवताना दूध घालायची वेळ सोडा. दुपारी तीन ते साडेचार बायकांना सोयीचं पडतं, रात्री आठनंतर पुरुषांना. दोन्ही साधत नसेल तर दोन सभा घ्या. एकच घेतली तर ती पुरुषांची होते, आणि लावणी, भांगलण, बियाणं राखणं ही कामं करणाऱ्या बायका घरीच राहतात. हेस्कॉमची (वीज कंपनीची) थ्री-फेज त्या आठवड्यात कधी असते ते आधी विचारा. मोटर सुरू करायची वेळ झाली की निम्मी सभा उठते. खानापूर भागात लावणीच्या जून-जुलैत आणि सुगीत सभा ठेवू नका. कारखाने सुरू असताना ऊसतोडीची चिठ्ठी आलेला माणूस येणार नाही हेही धरून चाला.

*सावध:* जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. प्रोजेक्टरशिवाय पूर्ण सभा घेता येईल अशीच तयारी ठेवा. खडूफळा, जाड कागदावरचे चार तक्ते आणि बॅटरीवरचा दिवा एवढ्यात काम होतं.

विक्रेता किंवा कंपनीचा माणूस येणार असेल तर त्याला पाच मिनिटं द्या, पण शेवटी, आणि तो कंपनीचा आहे हे सगळ्यांना सांगून.

टप्पा ५: प्रात्यक्षिक, ज्यात यंत्र चुकतंही

प्रात्यक्षिकात सगळं बरोबर झालेलं दाखवायचं ही सवय मोडा. यंत्र कुठे चुकतं हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं, तो ते नीट वापरतो.

*ओलाव्याचा सेन्सर.* ज्या गावात सभा आहे तिथल्याच रानातली माती घ्या. बुडाला भोकं पाडलेल्या दहा लिटरच्या तीन बादल्या लागतात. पहिलीत कोरडी माती. दुसरीत पाणी घालून एक दिवस निथळलेली माती, सेन्सरभोवती हाताने नीट दाबलेली. तिसरीत तीच ओली माती, पण सेन्सरच्या कडेने बोटभर फट ठेवलेली. तिन्हींचं वाचन घ्या. तिसऱ्या बादलीत माती ओली असून सेन्सर कोरडं दाखवतो, कारण तो मातीऐवजी हवा मोजतो. आता सांगा: अथणी, रायबागकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा रानात हेच होतं. भेग सेन्सरजवळून गेली की ॲप पाणी द्या म्हणतं आणि ऊस चिखलात उभा राहतो.

मग दोघा-तिघांना पुढे बोलावून पहिल्या दोन बादल्यांतली माती मुठीत दाबायला सांगा. गोळा होतो का, फुटतो का, बोटाला ओल लागते का. त्यांचा अंदाज आधी फळ्यावर लिहा, सेन्सरचा आकडा नंतर. बहुतेक वेळा दोन्ही जुळतात. शेतकऱ्याच्या हाताला जे आधीच कळतं ते सेन्सर रात्री, लांबून आणि सगळ्या रानात सांगू शकतो का, हाच खरा प्रश्न आहे, आणि तो असा समोर आला की चर्चा आपोआप नीट वळणावर जाते.

दोन गोष्टी फळ्यावर लिहून ठेवा. सेन्सर आपल्या आजूबाजूची काही इंचच माती मोजतो, म्हणून चढ-उतार असलेल्या रानात एक पुरत नाही. आणि खानापूरच्या तांबड्या, भराभर निथळणाऱ्या जमिनीला काळ्या जमिनीची मापं लावली तर सल्ला चुकतो. विकत घेताना "आमच्या मातीला लावून देणार का?" हे विचारायचं.

*ड्रोन.* टाकीत फक्त स्वच्छ पाणी. थेंब कुठे पडतात ते दाखवायला पाण्याने रंग बदलणाऱ्या पिवळ्या कागदी पट्ट्या मिळतात, थेंब पडला तिथे त्या निळ्या होतात. अशा बारा पट्ट्या लागतात. तीन ठिकाणी प्रत्येकी तीन: शेंड्याच्या पानावर, मधल्या पानावर आणि बुडाशी. उरलेल्या तीन वाऱ्याच्या खालच्या बाजूला, बांधापासून ५, १० आणि २० मीटरवर काठीला लावायच्या. पट्टी चिमट्याने धरा, बोटाच्या घामानेही निळी होते. दमट हवेत ती आपोआप निळसर पडते, म्हणून पावसाळी दिवशी हे करू नका, आणि फवारणी झाली की पट्टी सुकताच काढून कागदावर चिकटवा.

उंच उसात शेंड्याची पट्टी निळीभोर आणि बुडाची जवळपास पिवळी, असं दिसण्याची शक्यता मोठी. तेव्हा बुडाशी लागणाऱ्या किडीवर ड्रोनने औषध मारून उपयोग होईल का, हे शेतकरी स्वतःच ठरवतो. बांधापलीकडच्या पट्ट्या शेजाऱ्यालाही दाखवा. पहिल्या टप्प्यात वहीत लिहिलेलं भांडण इथे सुटतं, निदान त्यावर बोलणं तरी सुरू होतं.

*सावध:* ड्रोन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा. सांबरा, बाळेकुंद्री, मुतगा या बाजूच्या गावांत आधी डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी पोर्टलचा नकाशा पाहा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी मर्यादा २०० फुटांची आहे, त्याहून जवळ असाल तर परवानगी घेतल्याशिवाय ड्रोन उचलायचाच नाही. लोकांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला, किमान वीस-पंचवीस मीटर लांब उभं करा. पोरं पंख्याकडे पळतात, त्यांच्यासाठी एक माणूस वेगळा ठेवा.

टप्पा ६: सभेचा क्रम, नव्वद मिनिटं

१. पहिली दहा मिनिटं: लोकांनी काय ऐकलंय ते फळ्यावर लिहा. खोडायचं नाही, हसायचं नाही.

२. पुढची पाच: निर्णयाचं वाक्य वाचा. "आज आपण एवढंच ठरवायला जमलोय."

३. वीस मिनिटं: प्रात्यक्षिक. सेन्सरचं सभेत होतं. ड्रोनचं सकाळी रानात उरकून पट्ट्या सभेत दाखवा.

४. पंधरा मिनिटं: तीन रकाने. आधी ते कुठे चालत नाही ते सांगा, मग कुठे चालतं ते. हा क्रम उलटा केला की मर्यादा नेहमी घाईत उरकल्या जातात.

५. दहा मिनिटं: एकरी खर्च. अनुदान न धरता आधी, धरून नंतर. अनुदान वेळेवर येईल असं गृहीत धरून केलेला हिशेब फळ्यावर लिहू नका. दुरुस्ती, बॅटरी, ॲपची वर्षाची फी, सिमकार्डाचा खर्च, गावात रेंज येते का, हे सगळं त्यात आलं पाहिजे.

६. उरलेली तीस मिनिटं फक्त प्रश्न. ही कापायची नाहीत. पाहुणा उशिरा आला तर त्याचं भाषण कापा.

सत्कार करायचाच असेल तर सभा संपल्यावर करा.

टप्पा ७: अवघड प्रश्न

काही प्रश्न प्रत्येक सभेत येतात. त्यांची उत्तरं आधी एकमेकांना तोंडी म्हणून दाखवा.

"नुकसान झालं तर जबाबदार कोण?" सल्ला देणारं ॲप, सेवा देणारा, विकणारा आणि तुम्ही आयोजक, प्रत्येकाची जबाबदारी कुठवर ते सांगा. पावती आणि करार घ्यायला सांगा. कुणाचीच जबाबदारी नसेल तर तसंही स्पष्ट म्हणा.

"आमच्या रानाची माहिती कुणाकडे जाते?" सेन्सर आणि ॲप पाणी, खत, उत्पादनाचा अंदाज हे सगळं साठवतात. ही माहिती कारखान्याला, बँकेला किंवा विमा कंपनीला दिली जाते का, हे कराराच्या कागदात शोधून आधीच अधोरेखित करून आणा.

"बियाणं परत पेरता येतं काय?" जाहीर झालेल्या त्या दोन भातजाती संकरित नाहीत, त्यामुळे उगवणीच्या दृष्टीने घरचं बी ठेवता येतं. तंत्राच्या पेटंटचा प्रश्न वेगळा आहे, तो त्यात मिसळू नका.

"आमची मजुरी जाणार काय?" हा प्रश्न टाळला तर विश्वास संपतो. काही काम कमी होईल हे मान्य करा. केंद्राच्या ड्रोन दीदी योजनेत महिला गटांना ड्रोन आणि प्रशिक्षण देतात. पण पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाला त्यातून आपोआप काम मिळत नाही, हेही बोला.

उत्तर माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा आणि प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव, उत्तर कधी देणार ती तारीख वहीत त्याच्यासमोर लिहा. सात दिवसांपुढची तारीख देऊ नका.

*सावध:* प्रश्न विचारणाऱ्याला "तुम्हाला विज्ञान समजत नाही" या सुरात उत्तर गेलं तर पुढचा हात वर होत नाही. शंका घेणारा माणूस बहुतेक वेळा आधी एकदा फसलेला असतो. कशात फसला ते विचारा, बाकीच्यांच्या मनातलंही तेच असतं.

टप्पा ८: सभेनंतरचे पंधरा दिवस

निघण्याआधी तिघांना थांबवून विचारा: "घरी जाऊन काय सांगाल?" त्यांनी सांगितलेलं चुकत असेल तर चूक तुमच्या मांडणीची आहे. तो भाग बदला आणि मगच पुढच्या गावात जा. "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात.

सातव्या दिवसापर्यंत वहीतल्या प्रश्नांची उत्तरं द्या. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर दोन मिनिटांपेक्षा लांब व्हॉइस मेसेज पाठवू नका, आणि तीच उत्तरं दूध संस्थेच्या फलकावर हाताने लिहून लावा. मोबाईल नसलेले दूध घालायला रोज तिथे येतात.

अफवा आली तर क्रम असा: आधी खरं काय ते, मग अफवा एकदाच आणि थोडक्यात, मग ती का पटते आणि कुठे चुकते, शेवटी पुन्हा खरं. मूळ व्हिडिओ "हे खोटं आहे" लिहून पुढे पाठवू नका. लोक व्हिडिओ बघतात, वर लिहिलेलं वाचत नाहीत.

चार गुंठ्यांची चाचणी कुणी घेतली असेल तर त्याची नोंद ठेवा: पेरणीची तारीख, किती पाळ्या पाणी, खर्च, मळणीचं वजन, शेजारच्या नेहमीच्या तुकड्याचं वजन. उत्पादन कमी आलं तरी ते लिहा. दुसऱ्या हंगामाच्या सभेत पहिल्या रकान्यात भरायला गावचीच ही नोंद कामाला येते. एकाच हंगामाचा आकडा असेल तर तो मधल्या रकान्यात ठेवा.